रात्रीची लाइट आमच्याच बोकांडी का?

काल पुन्हा शेतपंपाला रात्रपाळीची लाइट. वेळ बाराची, आली पावणेएकला. स्टार्टर दाबला तर मोटर नुसती घुंऽऽ करून बसली. तीनपैकी एक फेज गायब! बॅटरी न् काठी घेऊन डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, तंगडतोड केली, तर फ्यूज उडालेला. वायरमनचा फोन बंद. (त्याला तरी काय बोलू, एकटा माणूस आणि गळ्यात सहा गावं.) शेजारच्या उसात परवाच बिबट्याचे ठसे दिसलेत. येताना पाचट वाजलं की काळजात धस्स. गहू ओंबीवर आलाय, पाणी आजच हवं, आणि पदरात काय पडलं, तर चिखल न् जागरण.

वर शहाणपण ऐकायचं, विजेची टंचाई आहे, समजून घ्या. अरे, किती वर्षं समजून घेऊ? डिसेंबर २०१२ पर्यंत महाराष्ट्र भारनियमनमुक्त होणार होता. झाला की, कागदावर! आमच्या पंपाला दिवसाकाठी आठ तास मिळतात, त्याला भारनियमन म्हणतच नाहीत, ‘वेळापत्रक’ म्हणतात.

आणि रात्रीच का? तर कोळशाचे संच रात्रीपुरते बंद करून ठेवता येत नाहीत, तेव्हा शहरं झोपलेली, मागणी कमी, मग उरलेली वीज सोडा शेताकडे. म्हणजे आम्ही उष्ट्याचे धनी. बरं, तेही गणित आता जुनं झालंय. भर दुपारी सौर वीज इतकी होते की राजस्थानात प्रकल्पांना कधी कधी ती कमी करायला लावतात. ओढाताण होते ती दिवस मावळल्यावर. मग दुपारची आम्हाला द्या ना, आणि रात्री झोपू द्या! त्यासाठीच तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली, २०१७ साली. पलीकडच्या फीडरवर, म्हणजे शेजारच्या वीजवाहिनीवर, दिवसा लाइट मिळते, डोळ्यांनी बघून आलोय. आमच्या फीडरचं विचारलं तर ‘काम प्रगतिपथावर’. तो पथ कुठून जातो, तेवढं सांगा, जाऊन बघतो.

साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ आहे, एप्रिल २०२४ पासून. कबूल. पण मी फुकट मागितली नव्हती, दिवसा मागितली होती. पैसे घ्या, पण उजेडी द्या.

‘सौरपंप घे की’ म्हणणारे तर पैशाला पासरी. किमतीच्या दहा टक्केच भरायचे, खरंय. पण जमीन अडीच एकराच्या आत, म्हणून वाट्याला तीन एचपी. माझं बोअर साडेतीनशे फूट. ऊन कडक असेल तर बरं, जरा आभाळ भरलं की पाइपातून करंगळीएवढी धार! ती बघत बांधावर बसायचं का?

सकाळचे सहा वाजलेत. आठला लाइट जाणार. फ्यूज तसाच लोंबतोय, आणि वायरमनची रिंग आत्ता कुठे वाजायला लागलीय.