गाडी घेता की भत्ता?

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कुणाला बढती मिळाली की ऑफिसात कुंदा वाटला जातो, आणि कुंदा संपायच्या आत एचआरची ईमेल येते. माझ्या बढतीलाही आली. कंपनीची गाडी घेणार, की महिन्याला २०,००० रुपये कार भत्ता? शुक्रवारपर्यंत कळवा, २०२४-२५ हे आर्थिक वर्ष संपेपर्यंत पर्याय बदलता येणार नाही. एचआरमधली मुलगी बैलहोंगलची. तिनं फोनवर अख्खं पत्रक एका ओळीत बसवलं, "सर, गाडी बेको, रोक्क बेको?" म्हणजे गाडी हवी की पैसे?

दोन्ही बेकु, असं लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती.

बेळगावात असल्या प्रश्नाचं उत्तर एकट्यानं द्यायची पद्धत नाही. पहिला कौल चहाच्या टपरीवर लागला. "भत्ता घे मर्दा! पैसा आपल्या हातात. गाडी घे न्हाईतर म्हैस घे, कोण विचारतंय?" मला पटलं. टपरीवर मला सगळंच पटतं, म्हणून तिथून थेट टिळकवाडीत सीएंकडं गेलो.

आमचे सीए हिशेब कागदावर करत नाहीत. टेबलाच्या खणात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो, त्यातली एक उलटी करून कोऱ्या बाजूवर ते आकडे मांडतात. माझ्या वाट्याला सोनेरी गणपतीची आली.

"भत्ता म्हणजे पगारच की ओ," ते म्हणाले. "तुमचा वरचा पगार २० टक्के कराच्या टप्प्यात बसतो. त्यावर ४ टक्के सेस. २०,००० मधले ४,१६० गेले. हातात १५,८४०." पत्रिका आडवी केली. "आता आठ लाखांची गाडी, पाच वर्षांचं कर्ज, ९ टक्के व्याज. हप्ता १६,६०० च्या घरात."

म्हणजे भत्ता मिळूनही दर महिन्याला पदरचे साडेसातशे घालायचे, आणि टाकीत अजून पेट्रोलचा थेंब नाही. विमा नाही. कर्नाटकाचा रोड टॅक्सही नाही, जो पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के आहे.

"पण ऑफिसच्या कामाला फिरलो तर सूट असते म्हणे?"

"भत्ता त्याच कामासाठी दिला असेल आणि खर्च खरंच झाला असेल, तर तेवढ्यावर. घर ते ऑफिस हे काम नव्हे."

इथं माझं सरकारशी जमत नाही. आमचा दुसरा कारखाना शिनोळीला, वेंगुर्ला रोडवर, बाची ओलांडलं की महाराष्ट्रात. भर आषाढात हिंडलग्यापासून बाचीपर्यंत ज्यानं गाडी नेलीय, त्याला विचारा हे काम आहे की नाही.

"आता कंपनीची गाडी," सीएंनी पत्रिकेवरच्या गणपतीच्या सोंडेशेजारी नवा आकडा मांडला. "गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं, ऑफिसलाही वापरा, घरालाही वापरा. इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर महिन्याला १,८०० तुमच्या उत्पन्नात धरायचे. त्यापेक्षा मोठं असेल तर २,४००. तुमच्या १,८०० वर कर ३७४ रुपये ४० पैसे."

मी पत्रिका हातात घेऊन पुन्हा वाचली. चाळीस पैसे सुद्धा खरे होते.

२०२४-२५ मधल्या या नियमाची एक गंमत मला फार आवडली. तो इंजिन मोजतो, किंमत विचारत नाही. सनरूफवाली अठरा लाखांची नवी कोरी गाडी दीड लिटरची असली तर १,८०० मध्ये बसायची, आणि दार सुतळीनं बांधलेली अडीच लिटरची म्हातारी डिझेल जीप कंपनीनं दिली तर ती २,४०० ची ठरायची. गाडी निव्वळ घरच्यासाठी वापरली तर मात्र सगळा खर्च आणि वर गाडीच्या किमतीच्या वर्षाला १० टक्के झीज उत्पन्नात धरतात. निव्वळ ऑफिसच्या कामाला वापरली तर काहीच धरत नाहीत. फक्त तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च लिहिलेलं लॉगबुक लागतं, आणि कंपनीचा दाखला.

टपरीनं हे ऐकलं आणि लगेच मत फिरवलं. "मग सगळं कामच लिही की! अमावास्येला बायकोला आदमापूरला नेलंस की लिही, 'बाळूमामा, वरिष्ठ पातळीवरील भेट'."

घरात वेगळंच चाललं होतं. पेट्रोल कंपनीचं, एवढंच आईच्या कानावर गेलं होतं. तिनं सौंदत्ती, जोतिबा आणि चोर्ला घाटातून गोवा अशी यादी केली. बायको भत्त्याच्या बाजूची. "अहो, उद्या नोकरी सोडलीत तर गाडी परत जाणार. गल्लीत काय सांगायचं, सर्व्हिसिंगला गेलीय म्हणून?" याला सीएंच्या पत्रिकेत उत्तर नव्हतं.

त्यात पासिंगचं निघालं. आमच्याकडं गाडीचा रंग नंतर विचारतात, आधी पासिंग, म्हणजे नंबर कुठला. कंपनीची गाडी शिनोळीच्या पत्त्यावरची, म्हणजे कोल्हापूरची एमएच-०९. मी राहणार बेळगावच्या केए-२२ मध्ये. २०२२ च्या डिसेंबरात सीमावादावरून, सौंदत्तीच्या वाटेवरच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर एमएचच्या ट्रकांवर दगड पडले होते, ते आई अजून विसरलेली नाही. तिच्या यादीतलं सौंदत्ती तिथंच खोडलं गेलं. शिवाय परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नंबर बदलून घ्यावा लागतो. माझी गाडी दिवसा महाराष्ट्रात, रात्री कर्नाटकात. ती ठेवली कुठं म्हणायची? "स्वतःची घे आणि देशभर चालणारा बीएच नंबर लाव," एकानं सुचवलं. त्यासाठी खासगी कंपनीची ऑफिसं चार तरी राज्यांत लागतात. आमची दोनच राज्यांत आहेत, तीही शेजारशेजारच्या.

शुक्रवारी मी 'गाडी'वर खूण केली. ३७४ रुपयांपुढं तत्त्व वगैरे टिकत नाही. खाली शेवटचा रकाना राहिला होता: चालक हवा का? हवा असेल तर आणखी ९०० उत्पन्नात धरणार, म्हणजे कर १८७ रुपये २० पैसे. हा आकडा मी बायकोला सांगितला, तो रात्रीपर्यंत खानापूरला पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा दारात, हातात खाकी शर्टाचं कापड.

"दाजी, पगार कंपनी देणार, कर तुम्ही भरणार, मी नुसती चालवायची. यात अडचण काय?"

"लायसन दाखव."

"ते कंपनी काढून देत न्हाई व्हय?"