कार्ड दाखवणं वेगळं, कार्डाचा फोटो देणं वेगळं

"दारूच्या दुकानात वयाचा पुरावा दाखवतोच ना? मग इंटरनेटवर दाखवायला काय हरकत? कंपन्या माहिती लगेच पुसतात, मुलं सुरक्षित राहतात. आणि ज्याच्या मनात काही नाही, त्याला भीती कसली?" हा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. मुलांच्या काळजीपोटीच पाठवतात, ती काळजी मलाही आहे. पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

दुकानदार जन्मतारीख बघतो, कार्ड परत देतो आणि विसरून जातो. ऑनलाइन काय होतं? कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा, चौकटीत बसेपर्यंत हलवू नका, आता उलटं करा, आता चेहरा डावीकडे वळवा. प्रश्न एवढाच होता की अठरा पूर्ण आहेत का. गेलं काय, तर नाव, पत्ता, कार्डाचा नंबर आणि चेहरा. तेही बहुधा अशा तिसऱ्याच कंपनीकडे, जिचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं.

"लगेच पुसतात" म्हणणाऱ्यांनी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपचं प्रकरण आठवावं. ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीनेच कबूल केलं की, ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीमार्फत सुमारे 70,000 जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असावेत. वयाबाबतच्या निर्णयाविरुद्ध दाद मागणाऱ्यांची ओळखपत्रं होती ती. म्हणजे ज्यांनी सांगितलं तसं केलं, तेच उघड्यावर आले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार?

मुलांच्या सुरक्षेचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये 25 जुलै 2025 ला वयतपासणी लागू झाली आणि लगोलग व्हीपीएन ॲप, म्हणजे आपण कुठल्या देशात आहोत हे साइटपासून लपवणारी ॲप, डाउनलोडच्या यादीत वर चढली. व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा दाखवूनही काहींनी तपासणी पार केली.

"मनात काही नाही" हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. ब्रिटनचा कायदा फक्त पोर्नपुरता नाही. आत्महत्या, स्वतःला इजा, खाण्याचे विकार यांना उत्तेजन देणारा मजकूरही त्यात येतो. सावधगिरी म्हणून एखाद्या साइटने मदतीची चर्चाही त्याच दाराआड ठेवली, तर रात्री दोन वाजता आधार शोधणाऱ्या माणसाने आधी ओळखपत्र काढायचं? तो तिथूनच परत फिरेल.

नाव-गाव न सांगता फक्त "अठरा पूर्ण" एवढंच सिद्ध करता येतं. युरोपीय आयोगाने जुलै 2025 मध्ये तशा ॲपचा नमुनाही मांडला. तपासणी करायचीच असेल तर अशीच करा, आणि ओळखपत्राची प्रत साठवायला कायद्यानेच बंदी घाला.