अल्फाफोल्ड आलं, म्हणून सूक्ष्मदर्शक भंगारात?

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘अल्फाफोल्डने 20 कोटी प्रथिनांच्या रचना शोधल्या, प्रश्न संपला. गोठवलेल्या रेणूंचे धूसर फोटो काढणारे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आता नुसते पांढरे हत्ती.’ अल्फाफोल्ड, म्हणजे प्रथिन ज्या अमिनो आम्लांच्या साखळीचं बनतं तिच्या क्रमावरून त्याच्या रचनेचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्रॅम, थोरच आहे. 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा त्याच्या कर्त्यांना उगाच मिळाला नाही. बाकीचं मात्र एकेक करून पाहू.

‘रचना शोधल्या’ हे खरं नाही. ते अंदाज आहेत, आणि कुठल्या भागावर किती भरवसा ठेवावा हे तो प्रोग्रॅम स्वतःच सांगतो. तो शिकला कशावर? प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या सुमारे 1.7 लाख रचनांवर. (त्यातल्या बहुतेक क्ष-किरणांनी मिळालेल्या, क्रायोने नव्हे, हेही सांगायला हवं.)

‘प्रश्न संपला’? मग टाऊ हे प्रथिन घ्या. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत त्याचे धागे साचतात. 2017 मध्ये केंब्रिजच्या गोदर्ट आणि शेरेस यांच्या गटांनी रुग्णाच्या मेंदूतूनच काढलेले धागे क्रायोखाली पाहिले, तेव्हा त्यात इंग्रजी ‘सी’सारखी घडी दिसली. डोक्याला वारंवार मार बसलेल्या खेळाडूंमध्ये होणाऱ्या आजारातले धागे 2019 मध्ये पाहिले, तर घडी वेगळी निघाली. अमिनो आम्लांचा क्रम तोच, आजार दुसरा, घडी दुसरी. अल्फाफोल्डला आपण देतो तो क्रम. नुसत्या क्रमावरून हा रुग्ण कोणत्या आजाराचा, हे त्याने ओळखायचं कसं?

‘धूसर’ हा टोमणा जुना आहे, आणि एके काळी खराही होता. या विद्येला लोक चेष्टेने ‘ब्लॉबोलॉजी’, म्हणजे गोळ्यांचं शास्त्र, म्हणत. पण 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मिरचीचा तिखटपणा ओळखणाऱ्या टीआरपीव्ही1 या प्रथिनाची 3.4 आंगस्ट्रॉम (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) तपशिलाची रचना निघाली आणि चेष्टा थांबली. 2020 मध्ये अ‍ॅपोफेरिटिन या प्रथिनातले अणू सुटे सुटे दिसले.

‘गोठवलेले’ म्हणताना फ्रीजमधला बर्फ डोळ्यांपुढे आणू नका. बर्फाच्या स्फटिकांनी प्रथिनाची मोडतोड होते. म्हणून शास्त्रज्ञ झाक ड्युबोशे यांनी 1980 च्या दशकात हायडेलबर्गला पाणी इतक्या झपाट्याने थंड केलं की स्फटिक न बनता ते काचेसारखं घट्ट झालं. नमुना बुडवायचा तो द्रव इथेनमध्ये. द्रव नायट्रोजन चालत नाही, कारण तो लगेच उकळतो आणि त्याच्या वाफेचं पांघरूण नमुन्याभोवती बसून थंड होणं मंदावतं. रेणू जिथल्या तिथे, ज्या अवस्थेत असेल त्यात अडकतो. मग लाखो प्रतिमा निवडून एकाच रेणूच्या चार-चार हालचाली वेगळ्या काढता येतात.

राहिला पांढरा हत्ती. यंत्र महाग आहे, हे मान्य. म्हणून तर बंगळूरुत राष्ट्रीय सुविधा उभारून ते अनेकांनी मिळून वापरायची सोय केली. आणि 300 ऐवजी 100 किलोव्होल्टवर चालणारं स्वस्त सूक्ष्मदर्शक बनावं म्हणून जे मागे लागलेत, त्यांत 2017 चं नोबेल ज्यांना याच तंत्रासाठी मिळालं ते रिचर्ड हेंडरसनच आहेत.