सत्तर-अठरा आणि साबुदाणा

एनसीआरचं, म्हणजे तपासणीत चूक सापडली की येणाऱ्या रिपोर्टचं, उत्तर आत्ताच मेल केलंय आणि डोकं अजून तापलेलंच आहे. त्या फॉर्मवर 'मूळ कारण' म्हणून एक रकाना असतो. मी त्यात लिहिलं होतं, आषाढी एकादशी. मॅनेजरने ते खोडायला लावलं.

झालं असं की आमचं महाडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, आणि जुलैत महाडला पाऊस म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच विचारा, भिंतींना पाझर, रजिस्टरची पानं लिबलिबीत. अशात वेल्डिंगच्या ७०१८ रॉडसाठी आमच्याकडे एक मदर ओव्हन आहे. पाकीट फोडलं की रॉड त्यात, कमीत कमी १२० डिग्रीला, चोवीस तास. थर्ड पार्टी इन्स्पेक्टर आला, ओव्हनचं दार उघडलं, आणि शॉपभर जिऱ्या-तुपाचा घमघमाट. वरच्या कप्प्यात ४ एमएमचे रॉड, खालच्या कप्प्यात स्टीलचा डबा. पोरगा तरुण होता पण अजिबात हसला नाही. फोटो काढला आणि वहीत लिहिलं, 'एक नग डबा, बॅच नंबर आढळला नाही.'

डबा अकाउंटवाल्या काकांचा. तेच काका, जे दर महिन्याला लाइटबिल घेऊन माझ्या टेबलाशी येतात आणि 'रविवारी शॉप बंद, मग तुझी ती भट्टी कोणासाठी चालू?' असं विचारतात.

"काका, यात खिचडी ठेवली तुम्ही?"

"मग? चालूच असते की ती. फुकट गरम होतंय."

"फुकट? बिलावरून तर दर महिन्याला भांडता!"

"म्हणूनच. निदान कंपनीचे पैसे वसूल तरी होतात. आणि काय रे, लोखंडाला कशाला एवढी ऊब? लोखंडाला काय सर्दी होते?"

आता मी शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं, पण इन्स्पेक्टर समोर उभा, म्हणून समजावत बसलो. की काका, रॉडवर जो फ्लक्सचा लेप असतो ना, तो हवेतलं पाणी ओढतो. आर्क लागला की त्या पाण्यातला हायड्रोजन सुटतो आणि वेल्डमध्ये घुसतो. वेल्ड वरून चकाचक दिसतो, आणि कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी आतून तडकतो. म्हणून पाकिटातून किंवा ओव्हनमधून काढलेला ७०१८ चार तासांच्या आत वापरायचा, जास्त वेळ बाहेर राहिला तर २६० डिग्रीच्या वर दोन तास पुन्हा भाजायचा, तेही एकदाच. आणि पाण्यात भिजला तर सरळ फेकायचा. तुमच्या डब्याचं झाकण अर्धवट उघडं, सगळी वाफ रॉडवर!

काकांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "तांदळात ठेवा."

"काय?"

"तांदळात. माझा मोबाईल मोरीत पडला होता, रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवला, सकाळी चालू. किती किलो रॉड असतात तुमचे?"

"असतील दोनेकशे किलो."

काकांनी खरोखर कॅल्क्युलेटर काढला. "कोलम नको, जाडा घेऊ. एकदाचा खर्च, लाइटबिल शून्य. आणि पावसाळा संपला की तोच तांदूळ कामगारांना दिवाळीला वाटायचा." इन्स्पेक्टरचं पेन वहीवर थबकलं. मला वाटलं आता हसेल. त्याने विचारलं, "ही प्रोसिजर अप्रूव्ह झालेली आहे का?"

तेवढ्यात काकांचं लक्ष डब्याकडे गेलं. झाकण प्लास्टिकचं होतं, आता त्याचा वाकडातिकडा पापड झाला होता. "हे कोण भरून देणार?" असं त्यांनी मला विचारलं. मला! आणि नंतर खरंच पेटी कॅशचं व्हाउचर बनवून माझ्या सहीला पाठवलं, 'डब्याचे झाकण, ओव्हनदोष.' अजून टेबलावर पडलंय, करणार नाही मी सही.

बरं, काका निदान समोरासमोर तरी बोलतात. जागेवर वेल्डरच्या शेजारी जो छोटा पोर्टेबल ओव्हन असतो, त्याचा प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावणारा कोण ते आजवर सापडलेलं नाही. रॉड थंड, वेल्डर बिचारा तोच वापरतो, कारण साहेबांना संध्याकाळपर्यंत सीम पूर्ण हवा. दोन दिवसांनी क्रॅक निघाला की जॉइंटवर, तो कोणी केला ते कळायला, मारलेला नंबर कोणाचा? वेल्डरचा. ग्राइंडिंग करून, खोदून पुन्हा भरायचं काम त्याच्याच माथी, आणि काँट्रॅक्टर रिपेअरचे पैसेही त्याच्याच हजेरीतून कापतो. प्लग काढणाऱ्याला नंबर नसतो. 'कालपर्यंत द्या' म्हणणाऱ्यालाही नसतो. कंपनीला लाखाची प्लेट परवडते, दुसरा पोर्टेबल ओव्हन मागितला की 'पुढच्या क्वार्टरला बघू'.

एकदा तर एका अतिउत्साही पोराने पाइपचे ६०१० रॉडही सोबत भाजून ठेवले. त्यांना थोडा ओलावा लागतोच, सेल्युलोजचे असतात ते, सुकवले की आर्क नीट चालतच नाही. म्हणजे एकाला पाणी चालत नाही, दुसऱ्याला पाण्याशिवाय चालत नाही, आणि दोघांचा संसार आमच्या एकाच स्टोअरमध्ये.

असो. मॅनेजरने 'मूळ कारण' खोडून 'जागरूकतेचा अभाव' लिहिलं. सुधारणा म्हणून ओव्हनला कुलूप लावायचं ठरलं, ते मीच सुचवलं होतं. फक्त चावी जबाबदार माणसाकडे हवी, असं शेठ म्हणाले, आणि ज्याचा हिशेब सगळ्यात चोख त्याच्याकडे दिली. काका सहाच्या बसने घरी जातात. सेकंड शिफ्टचे वेल्डर आता साडेपाचलाच रात्रीचे सगळे रॉड काढून ठेवतात.