दम नाही, पकड सोडण्याची सवय कमी पडते

लेखात म्हटलंय की आपल्या शाळेचा रग्बी संघ तालुक्यातले बहुतेक सामने उत्तरार्धात हरला, कारण पोट्ट्यांचा दम संपतो. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीत, 7-7 मिनिटांचे दोनच डाव. शेतात राबणारी पोरं तेवढ्यात दमत नाहीत. खरी अडचण कबड्डीची. आपल्याकडचा पोरगा घोटा धरतो तो सोडतच नाही. रग्बीत गडी खाली पडला की टॅकल करणाऱ्यानं, म्हणजे धरून पाडणाऱ्यानं, त्याला लगेच सोडून बाजूला व्हावं लागतं, नाहीतर पेनल्टी. दोन-चार वेळा तेच झालं की पिवळं कार्ड, म्हणजे 2 मिनिटं सहाच जण, आणि रुंदी पूर्ण मैदानाची! सामना तिथंच जातो.

सरावात जोड्या लावा: गुडघ्यावर बसून टॅकल, डोकं समोरच्याच्या कुल्ल्यामागे, दोन्ही हातांचा विळखा, आणि पाडताच ‘सोड’ असं मोठ्यानं ओरडायचं. ते जमलं की मगच उभ्यानं.

दुसरं, ड्रॉप किक, म्हणजे चेंडू हातातून जमिनीवर टाकून उसळताच मारायची किक. सेव्हन्समध्ये गुण मिळवणाराच संघ पुन्हा मध्यावरून ड्रॉप किकनं खेळ सुरू करतो, म्हणजे किक-ऑफ. चेंडू 10 मीटर गेला नाही तर मध्यावर फ्री किक समोरच्यांना. ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्याचे, 5 गुण मिळाले तरी गोलखांबांमधून किक मारून मिळणारे पुढचे 2 ड्रॉप किकनंच. तरी किकचा सराव कोणी घेत नाही.

मैदानाचं म्हणाल तर काळ्या मातीच्या भेगांत मुरूम टाकू नका, गुडघे सोलून निघतात. चाळलेली माती भरून आदल्या संध्याकाळी पाणी मारा.