पुढचा ब्रेक सैल करू नका: नव्या मोटारसायकलीविषयी फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

दसऱ्याला नव्या गाड्या घरोघरी आल्यापासून कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर ‘नवी मोटारसायकल घेतलीय? मग हे वाचाच’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरत आहे. खाली ‘तीस वर्षांच्या अनुभवी मिस्त्रीचा सल्ला’ असे लिहिलेले आहे. मिस्त्रीचे नाव नाही. संदेशातले दावे थोडक्यात असे: नवी गाडी कारखान्यातून सगळी सेट होऊन येते, त्यामुळे ताब्यात घेताना तपासण्यासारखे काही नसते, पुढचा ब्रेक सैल करून घ्यावा, कारण तो लागला की गाडी उलटते, पहिल्या दिवसापासून गाडी पूर्ण पिळावी, म्हणजे इंजिन मोकळे होते, चेन जितकी घट्ट तितके ॲव्हरेज जास्त, ऑइल कोणतेही चालते, कारचे स्वस्त पडते, आणि बाहेरच्या मिस्त्रीने पाना लावला की वॉरंटी संपली, म्हणून पाच वर्षे शोरूम सोडू नये.

एरवी मी अशा संदेशांकडे दुर्लक्ष करतो. परंतु माझ्या भाच्याने हा वाचून आपल्या नव्या १२५ सीसी गाडीचा पुढचा ब्रेक रस्त्याकडेच्या एका गॅरेजात सैल करून घेतला, आणि त्याच गाडीवर मित्राला मागे बसवून गगनबावड्याला जायचे त्याचे ठरले होते. मी लिव्हर दाबून पाहिला तर तो जवळजवळ मुठीला टेकला, आणि तसा दाबून धरूनही गाडी हाताने पुढे ढकलता आली. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘मामा, ग्रुपवरच्या सगळ्यांनी तसंच करून घेतलंय की.’

सुरुवात ब्रेकपासूनच केली पाहिजे, कारण संदेशातल्या बाकीच्या चुका पैशांत भरून निघतील, ही निघणार नाही. चालती गाडी थांबवताना गाडीचा आणि स्वाराचा भार पुढे सरकतो. पुढचे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते आणि मागचे हलके होते. ब्रेक लावताच पुढचे शॉकॲब्सॉर्बर खाली बसतात ते याचमुळे. ज्या चाकावर भार जास्त त्याची रस्त्यावरची पकड जास्त, म्हणून गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या ब्रेकनेच होते. नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला तर हलके झालेले चाक जाम होऊन घसरते, गाडी मागून आडवी जाऊ लागते आणि थांबायला कितीतरी अधिक रस्ता लागतो. गळीत हंगामात संध्याकाळच्या वेळी मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली एकाएकी समोर येते, हा अनुभव या जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आहे. अशा वेळी हाताशी असलेला निम्म्याहून अधिक ब्रेक आपण आधीच काढून ठेवलेला असावा, असा सल्ला कोणी जबाबदार माणूस देऊच कसा शकतो?

या दाव्यात खऱ्याचा एक अंश आहे, तोही सांगून टाकतो. खडीवर, चिखलावर किंवा हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक झटक्याने दाबला तर पुढचे चाक घसरते आणि माणूस पडतो. पण यावरचा उपाय ब्रेक लावायला शिकणे हा आहे: गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा आधी हलका आणि मग वाढत्या दाबाने. ब्रेकचे नट सैल करून हाताची सवय सुधारत नाही.

शिवाय या संदेशाने नियमांचा आणि गाडीच्या रचनेचा काहीच विचार केलेला नाही. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकीला एबीएस किंवा सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा, असणे सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही त्याच्याबरोबर ओढला जातो, आणि हे दोन ब्रेक कोणत्या प्रमाणात लागावेत ते कंपनीने बसवून दिलेले असते. पुढच्या ड्रमवरचे नट सैल केले की हाताचा ब्रेक तर जातोच, पण पायाच्या ब्रेकमधला पुढचा वाटाही जातो; भाच्याच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. पुढे डिस्क असेल तर सैल करण्यासारखे नट तिथे नसतेच. ‘डिस्क सैल करून दिली’ असे सांगणाऱ्या मिस्त्रीने एक तर काहीच केलेले नसते, किंवा ब्रेक ऑइल सोडून नळीत हवा शिरू दिलेली असते, आणि ही दुसरी शक्यता जीवघेणी आहे.

‘कारखान्यातून सगळे सेट होऊन येते’ हा दावाही टिकत नाही. गाडी कारखान्यातून ट्रकमध्ये आवळून बांधून येते. आरसे, साडी गार्ड, लेग गार्ड शोरूमच्या मागच्या वर्कशॉपमध्ये बसतात, बॅटरी तिथे जोडली जाते, आणि वाहतुकीसाठी टायरमध्ये जास्त भरलेली हवा तिथे कमी करायची असते. यासाठीच कंपनीने डीलरला तपासणीची यादी दिलेली असते, जिला सगळे पीडीआय (प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन) म्हणतात. सणाच्या दिवशी मुहूर्त गाठण्यासाठी एकामागून एक गाड्या बाहेर काढताना ती यादी गाडीपाशी उभे राहून भरली की टेबलावर बसून, हे आपण विचारले पाहिजे. सही केलेली यादी दाखवा म्हणणे हा अविश्वास नव्हे.

हार घालण्याआधी थोडा वेळ काढला तर बरेच काही कळते. चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर वाचून विक्री प्रमाणपत्राशी, म्हणजे फॉर्म २१ शी, जुळवावेत. उत्पादनाचा महिना आणि वर्षही त्यातच असते. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढे फिरतो ना, हे पाहावे. हवा स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याइतकी आणि टायर थंड असतानाच मोजलेली असावी. पुढचा ब्रेक दाबून धरून गाडी ढकलून पाहावी. चाक फिरता कामा नये. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवावे. वळवताना इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची वायर कुठेतरी ताणली जात आहे असे समजावे, आणि तशी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर आणू नये, कारण हीच गाडी पुढे एखाद्या घाटातल्या वळणावर हँडल वळवताच आपोआप वेग घेईल.

इंजिन पहिल्या दिवसापासून पिळण्याच्या सल्ल्याबद्दल कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर-होनिंगचे, म्हणजे सिलिंडर आतून घासून नेमक्या मापाचा करण्याचे, काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला विचारावे. होनिंग करताना सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक आडव्यातिडव्या रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्यांवर पिस्टनच्या रिंगा घासून बसतात, तेव्हा कुठे कॉम्प्रेशन नीट धरले जाते. हे बसणे सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये होते आणि त्या काळात अतिरेकी ताण आणि उष्णता टाळायची असते. आजचे यंत्रकाम पूर्वीपेक्षा अचूक असल्यामुळे जुन्या काळाइतका जपण्याचा काळ आता लागत नाही, एवढे मान्य करता येईल. त्याचबरोबर चाळीसच्या वर न नेता तासन्‌तास एकाच वेगाने चालवणेही बरोबर नाही. वेग कमी-जास्त होत राहिला पाहिजे, म्हणून नवी गाडी पुणे-बेंगळुरू महामार्गावर एकाच ॲक्सिलरेटरवर दामटू नये. मर्यादा काय ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पहिल्या सर्व्हिसिंगला काढलेले ऑइल भांड्यात उन्हात धरून पाहावे. त्यात चमकणारी बारीक कणी दिसते. ती कणी इंजिनमध्ये फिरत राहू नये म्हणूनच पहिले ऑइल लवकर बदलायचे असते, आणि ‘ऑइल अजून स्वच्छ आहे, पुढच्या वेळी बघू’ म्हणणाऱ्याचे ऐकायचे नसते.

चेनबद्दल थोडक्यात सांगतो. मागचे चाक खड्ड्यात वर-खाली होते तेव्हा चेनवरचा ताण बदलतो, म्हणून तिच्यात ठरावीक ढिलाई लागतेच. पुष्कळ गाड्यांना ती २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते. घट्ट चेन स्प्रॉकेट आणि बेअरिंग खाते, आणि वाढत्या घर्षणामुळे ॲव्हरेज उलट घटते. चाक हळूहळू फिरवत चेन सर्वांत ताठ कुठे होते ते शोधावे आणि तिथे खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून पट्टीने मोजावे. मागच्या चिमट्यावर दोन्ही बाजूंना खुणा असतात. त्या दोन्हीकडे सारख्या आहेत ना, हे पाहायला विसरू नये.

ऑइलच्या सल्ल्याला तर दोन वाक्येच पुरेत. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या कित्येक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असल्यामुळे क्लच स्लिप होऊ लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असे, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारा दर्जा, लिहिलेले आणि पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचे, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३०, ऑइलच घालावे.

आता वॉरंटीचा मुद्दा, ज्याच्या भीतीने लोक दोन्हीकडे फसतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध सुटे भाग आणि दुरुस्तीच्या प्रश्नावर निकाल दिला आणि सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात स्पष्ट म्हटले होते की, ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावर सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. हा निकाल कारपुरता होता, दुचाकी कंपन्या त्यात पक्षकार नव्हत्या आणि पुढे त्यावर अपिलेही झाली, हे मी लपवत नाही. तरीही बाहेर आरसा बदलला म्हणून इंजिनची वॉरंटी गेली, असे सांगणाऱ्याला याच तत्त्वावर प्रश्न विचारता येतो: बाहेरच्या कोणत्या कामामुळे कोणता भाग बिघडला?

यातही संदेशाचा एक भाग निम्मा खरा आहे. वॉरंटीच्या छापील अटींमध्ये ठरलेल्या सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच आणि वेळेत झाल्या पाहिजेत, असे बहुतेक कंपन्या लिहितात. त्यामुळे मोफत सर्व्हिसिंग चुकवू नयेत आणि पुस्तिकेत शिक्का घ्यावा, असे मीही सांगेन. मोफत म्हणजे फक्त मजुरी मोफत; ऑइल आणि फिल्टरचे पैसे पडतात, हे आधीच समजून घ्यावे. पण वॉरंटी संपल्यानंतरही पाच वर्षे शोरूम सोडू नये, याला आधार नाही.

मग विश्वासाचा मिस्त्री ओळखायचा कसा? तो गाडी हातात घेण्यापूर्वी तक्रार विचारतो आणि शक्य असेल तर स्वतः एक फेरी मारतो. जॉब कार्डवर काय करायचे ते आधी लिहितो. कोऱ्या कार्डावर सही मागणाऱ्याकडे गाडी सोडू नये, मग तो शोरूमचा असो की कोपऱ्यावरचा. चांगला मिस्त्री खर्चाचा अंदाज देतो आणि जास्तीचे काम निघाले तर फोन करून विचारतो. बदललेले लायनर, फिल्टर, केबल समोर ठेवतो. चाकाचे नट अंदाजाने न आवळता टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, लावतो, आणि स्टेअरिंगच्या नटाला छिन्नी-हातोडा लावत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदला, असे तो आपणहून सांगतो. शहरात असे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे गर्दी असते, थांबावे लागते, आणि थांबायची तयारी ठेवावी.

शोरूमने वॉरंटी नाकारली तर तोंडी उत्तरावर परत येऊ नये. कोणता भाग, कोणते कारण आणि छापील अटींपैकी कोणती अट, हे जॉब कार्डवर लिहून मागावे. लिहून देत नसतील तर त्याच दिवशी कंपनीला ई-मेल पाठवावा आणि सोबत सर्व्हिसिंगच्या पानांचे फोटो जोडावेत. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तिथेही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते.