दूधवाल्याची सायकल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत, बरं वाटलं. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : बारा महिने ऑफिसला जायला मी माझ्या लेखात सुचवलेली सायकल, म्हणजे साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा), मागे सात गिअर, मडगार्ड, कॅरिअर, चेन कव्हर, ही दूधवाल्याची सायकल झाली, तेवढ्याच पैशांत सस्पेन्शन, डिस्क ब्रेक आणि २१ गिअर मिळतात, आणि पुण्याचे खड्डे मी बहुधा पाहिलेलेच नाहीत.

खड्डे पाहिलेत हो. सिंहगड रोडला राहणाऱ्याला दुसरं काय दिसतं? आणि दूधवाल्याचं म्हणाल, तर भर पावसात ओझं लादून रोज सायकल हाणणारा तोच. त्याचं ऐकलेलं बरं.

आधी सस्पेन्शन. महागड्या सायकलीवरचं सस्पेन्शन उत्तम असतं, वादच नाही. पण तुम्ही म्हणता त्या किमतीतला फोर्क म्हणजे दोन नळ्या आणि आत स्प्रिंग. दबलेल्या स्प्रिंगला परत येताना आवर घालणारं आत फारसं काही नसतं, त्यामुळे खड्ड्यात चाक बसतं आणि बाहेर पडताना हँडल उसळतं. वजन साध्या फोर्कपेक्षा किलो-दीड किलोने जास्त. चढावर उभं राहून पेडल मारलं की जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. पावसाळ्यात सीलमधून गढूळ पाणी आत शिरतं, नळ्या गंजतात, आणि काळजी घेतली नाही तर एक-दोन पावसाळ्यांत फोर्क जाम. मग तो साधाच फोर्क, फक्त जड.

खड्ड्यांवर खरा इलाज टायरचा. २६ इंची चाकाला १.९५ इंच रुंदीचा, किंवा ‘७००’ मापाच्या मोठ्या चाकाला ४० मिमीच्या आसपासचा, फार खोल नक्षी नसलेला टायर घ्या. हवेचा दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो. पंक्चरवाला अंगठ्याने दाबून दगडासारखा टणक होईपर्यंत हवा मारतो, त्याला आधीच थांबवायचं. फार कमीही नको. खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ती दिसली की काच-खिळा शोधत बसू नका, हवा वाढवा.

डिस्क ब्रेकबद्दल आपलं भांडण नाही. लेखात मी नाकारली ती स्टीलची रिम, कारण ती ओली झाली की तिच्यावर दाबणारं ब्रेकचं रबर नुसतं घसरतं. अॅल्युमिनियमची रिम बरी, पण चिखलातल्या वाळूने घासून झिजते. डिस्क चाकाच्या मध्यावर, रस्त्यावरच्या पाण्यापासून उंच. फक्त केबलवाली घ्या. तिची केबल कोपऱ्यावरचा मेकॅनिकही ओढून देतो. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी नळीतल्या द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमधली हवा काढायला तो हात लावत नाही.

२१ गिअरबद्दल फार लिहीत नाही. पुढे तीन, मागे सात. त्यातल्या बऱ्याच जोड्या जवळपास एकच. चांदणी चौकाकडे चढणाऱ्यालाही मागचे सात पुरतात.

आता मडगार्ड, ज्याला तुम्ही हसलात. धरणातून पाणी सोडलं आणि नदीपात्रातला भिडे पूल बुडाला की वळसा पडतो, तो भाग वेगळा. एरवी पुण्याच्या पावसात सायकल अडते ती चेनपाशी. पुढच्या चाकाने उडवलेला रस्त्याचा रेंदा थेट चेनवर आणि पेडलच्या बेअरिंगवर जातो. म्हणून पुढचं मडगार्ड लांब हवं आणि त्याच्या टोकाला जमिनीपर्यंत जेमतेम वीतभर अंतर राहील असा रबरी फ्लॅप. जुन्या काळ्या सायकलींना तो असायचाच. वर चेन कव्हर असेल तर पँटही वाचते. तरी भिजून आल्यावर चेन फडक्याने पुसून दोन थेंब तेल सोडायचंच; तशीच ठेवली तर सकाळी तांबूस झालेली दिसेल.

ऑफिसला पोचेपर्यंत घाम येतो त्याचं काय, असंही विचारलंत. निम्मा घाम पाठीवरच्या सॅकचा असतो. ती कॅरिअरवर टाका. त्यासाठी शोरूममध्ये वाकून मागच्या एक्सलजवळ आटे पाडलेली भोकं आहेत का बघा. एक जोडी मडगार्डला, दुसरी कॅरिअरला. आणि डिस्कचा कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) कॅरिअरच्या दांड्याच्या आड येतो का, तेही. दुकानदार ‘नंतर बसवून देतो’ म्हणाला, तर पैसे देण्याआधीच बसवून घ्या.